फिलिप मेडोज टेलर

फिलिप मेडोज टेलर (२५ सप्टेंबर, १८०८, लिव्हरपूल, इंग्लंड - १३ मे, १८७६, मेंतों, फ्रान्स) हे निजामाच्या सेवेतील ब्रिटिश अधिकारी, कादंबरीकार आणि दख्खनमधील बृहदश्मयुगीन स्मारकांचे आद्य नोंदकर्ते होते.

== जीवन ==
वयाच्या पंधराव्या वर्षी एका व्यापाऱ्याकडे नोकरीसाठी ते मुंबईस आले. परंतु त्या पेढीची स्थिती खालावलेली असल्याने त्यांनी १८२४ मध्ये निजामाच्या सैन्यात प्रवेश केला. औपचारिक उच्च शिक्षण न मिळताही त्यांनी स्थानिक भाषा, कायदा, भूमापन आणि अभियांत्रिकी यांचे ज्ञान स्वतःच्या प्रयत्नांनी मिळवले.

१८४१ ते १८५३ या काळात ते सध्याच्या कर्नाटकातील शोरापूर (सुरपूर) संस्थानचा कारभार पाहत होते. तेथील अल्पवयीन राजा वेंकटप्पा नायक त्यांच्या देखरेखीखाली वाढला. पुढे त्यांच्याकडे नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार आला. १८५७ च्या उठावाच्या काळात ते बुलढाणा येथे होते. १८५८ मध्ये वेंकटप्पाने उठाव केला व तो पकडला गेला. त्याची फाशीची शिक्षा सौम्य करण्यात आली. मात्र कारावासासाठी नेले जात असताना गोळी लागून त्याचा मृत्यू झाला. प्रकृती ढासळल्यामुळे टेलर १८६० मध्ये निवृत्त झाले.

== शिळास्मारकांची नोंद ==
शोरापूर व भीमेच्या खोऱ्यात टेलर यांनी शिलावर्तुळे, दगडी प्रकोष्ठ आणि उभ्या शिळा यांची पाहणी करून मोजमापे घेतली. शहापूरजवळील विभूतिहळ्ळी येथे समांतर ओळींत मांडलेल्या शिळांची त्यांनी नोंद केली. राजनकोळूर येथील दगडी घरे बुटक्या माणसांनी बांधली, अशी स्थानिक समजूत होती. जिवर्गी येथील उत्खननात मानवी सांगाडे, मृद्भांडी व लोखंडी वस्तू मिळाल्या. दफनाचे थर दाखवणारे त्यांचे उभे छेदचित्र काळाच्या मानाने अत्यंत काटेकोर होते. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी पुढे त्याची प्रशंसा केली.

युरोपातील स्मारकांशी असलेल्या साम्यावरून टेलर यांनी त्यांचा संबंध केल्टिक किंवा सिथियन लोकांशी जोडला. हे मत आता ग्राह्य धरले जात नाही. ही स्मारके मुख्यतः दक्षिण भारतातील लोहयुगाची मानली जातात. विदर्भात नागपूरजवळील जुनापाणी येथील शिलावर्तुळांचे उत्खनन रिव्हेट-कार्नॅक यांनी केले.

== लेखन ==
ठगांच्या जीवनावरील ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (१८३९) ही त्यांची सर्वाधिक प्रसिद्ध कादंबरी होय. ‘तारा’ (१८६३) या कादंबरीची पार्श्वभूमी तुळजापूर व शिवकालाची आहे. ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ हे आत्मचरित्र त्यांच्या मृत्यूनंतर १८७७ मध्ये प्रकाशित झाले.

== महत्त्व ==
टेलर यांचा वंशविषयक निष्कर्ष मागे पडला, तरी त्यांची मोजमापे आणि आराखडे दख्खनच्या बृहदश्मयुगीन अभ्यासाची आरंभीची साधने म्हणून आजही उपयुक्त ठरतात.