पांढऱ्या भाताचा गुन्हा कोंबड्यांनी उघडा पाडला : डॉ. ख्रिस्तियान आइकमन यांची गोष्ट

सुगी संपली की खानापूर, चंदगड भागातल्या गिरण्यांवर भाताच्या पोत्यांची रांग लागते. पॉलिश किती मारायचं, एवढंच गिरणीवाला विचारतो. बहुतेकांना तांदूळ पांढराशुभ्र हवा असतो. कोंडा म्हशीच्या आंबोणात जातो नाहीतर गिरणीतच राहतो. त्या कोंड्याबरोबर आपल्या ताटातून नेमकं काय जातं, याचा हिशेब जगात पहिल्यांदा मांडायला घेतला तो एका डच डॉक्टरने. तोही बराच काळ चुकीचा मांडला, हे विशेष.

ख्रिस्तियान आइकमन यांचा जन्म ११ ऑगस्ट १८५८ रोजी नेदरलँड्समधल्या नायकेर्क गावी झाला. वडील शाळेचे मुख्याध्यापक. घरी मुलं बरीच, त्यामुळे वैद्यकीय शिक्षण लष्कराच्या खर्चाने घेतलं आणि त्या बदल्यात लष्करात नोकरी पत्करली. १८८३ मध्ये पदवी मिळवून ते डच ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियात दाखल झाले. दोन वर्षांतच मलेरियाने इतके खंगले की परत फिरावं लागलं. १८८६ मध्ये पत्नी वारली. बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत ते जंतुशास्त्र शिकत होते, तिथे त्यांना पुन्हा जावाला जाण्याची संधी आली. या वेळी काम होतं बेरीबेरीचा शोध घेण्याचं.

जंतू शोधायला गेले

बेरीबेरी म्हणजे आधी पाय बधिर होतात, मग चालणं जातं, काहींच्या अंगावर सूज येते आणि शेवटी हृदय थांबतं. सुमात्रातल्या आचेच्या लढाईत डच सैन्य या रोगाने हैराण झालं होतं. तुरुंगांत कैदी मरत होते. तो काळ जंतूंच्या शोधांचा होता. क्षय, कॉलरा यांचे जंतू नुकतेच सापडलेले. त्यामुळे बेरीबेरीलाही जंतूच कारण असणार, हे सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. पेकेलहारिंग आणि विंकलर हे दोन वरिष्ठ डॉक्टर काही महिने काम करून १८८७ मध्ये मायदेशी परतले. बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जाकार्ताच्या लष्करी रुग्णालयातली छोटी प्रयोगशाळा आइकमन यांच्याकडे आली.

त्यांनी कोंबड्या पाळल्या आणि काहींना रोग्यांचं रक्त टोचलं. कोंबड्या लुळ्या पडल्या खऱ्या, पण ज्यांना काहीच टोचलं नव्हतं त्याही पडल्या. वेगळ्या ठेवल्या तरी तेच. मग काही महिन्यांनी सगळ्या आपोआप बऱ्या झाल्या. आता प्रयोग करायलाही आजारी कोंबडी मिळेना!

चौकशी केल्यावर स्वयंपाकघरातली गोष्ट पुढे आली. प्रयोगशाळेतला नोकर काटकसर म्हणून रुग्णालयात उरलेला पांढरा शिजवलेला भात कोंबड्यांना घालत होता. पुढे नवा आचारी आला. लष्कराचा भात बिगर-लष्करी कोंबड्यांना का घालायचा, म्हणून त्याने तो बंद केला. कोंबड्या पुन्हा साध्या, न सडलेल्या भातावर आल्या आणि उठून चालू लागल्या.

आइकमन यांनी मग वर्षानुवर्षं मोजून-मापून प्रयोग केले. पॉलिशचा तांदूळ दिला की कोंबडी लुळी पडे आणि कोंडा मिसळला की बरी होई. दाण्यावरच्या पातळ पापुद्र्यातच औषध आहे, हे पक्कं झालं.

तुरुंगांचा हिशेब

कोंबडीचं खरं ते माणसाचं खरं कशावरून? हा प्रश्न त्यांनी आरोग्य निरीक्षक व्होर्डरमन यांच्याकडे नेला. जावाच्या तुरुंगांत कुठे पांढरा तांदूळ शिजे, कुठे पापुद्र्यासकट. व्होर्डरमन यांनी १०१ तुरुंगांची, सुमारे २ लाख ८० हजार कैद्यांची नोंद तपासली. पापुद्र्यासकट तांदूळ असलेल्या ३७ तुरुंगांपैकी फक्त १ ठिकाणी बेरीबेरी होती. पांढरा तांदूळ असलेल्या ५१ पैकी ३६ ठिकाणी होती. कैद्यांत पाहिलं तर एकीकडे १० हजारांत १ रोगी, दुसरीकडे ३९ मध्ये १. इमारत जुनी की नवी, हवा खेळती की कोंदट, याने काही फरक पडत नव्हता. आम्ही कॉमर्सवाले आकडे बघताना जरा शंकेखोर असतो, पण या ताळेबंदापुढे शंकेला जागा राहत नाही.

तरीही आइकमन यांचा अर्थ चुकला. पांढऱ्या भातातल्या पिठूळ भागात विष असावं आणि कोंडा त्यावर उतारा असावा, असं त्यांनी मानलं. प्रकृती बिघडल्याने १८९६ मध्ये ते मायदेशी गेले. त्यांच्या जागी काम करणाऱ्या गेरिट ग्राइन्स यांनी १९०१ मध्ये बरोबर उत्तर दिलं. भातात विष नाही, शरीराला लागणारं काहीतरी त्यातून काढून टाकलेलं आहे. आइकमन यांनी हे लगेच मान्य केलं नाही, पण पुढे मान्य केलं. १९१२ मध्ये कासिमिर फुंक यांनी अशा घटकांना व्हिटामिन हे नाव दिलं. १९२६ मध्ये यान्सेन आणि डोनाथ यांनी बटाव्हियातच कोंड्यातून त्याचे स्फटिक वेगळे केले. हेच थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व.

आइकमन १८९८ पासून उट्रेख्त विद्यापीठात प्राध्यापक होते. १९२९ चं नोबेल त्यांना ब्रिटनच्या हॉपकिन्स यांच्याबरोबर मिळालं. तब्येतीमुळे स्टॉकहोमला जाता आलं नाही. ५ नोव्हेंबर १९३० रोजी ते गेले. ग्राइन्स यांचं नाव मात्र त्या पुरस्कारात नव्हतं.

आपल्या ताटात काय?

ब्राऊन राइस म्हणजे फक्त तूस काढलेला, कोंडा शाबूत असलेला तांदूळ. उष्मांक दोन्हीत जवळपास सारखेच, १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५०. प्रथिनांतही फार फरक नाही. खरा फरक तंतू, मॅग्नेशियम आणि थायमिनमध्ये. ब्राऊनमध्ये थायमिन पांढऱ्याच्या सुमारे पाचपट असतं आणि त्याने रक्तातली साखरही जरा सावकाश वाढते. तोटेही आहेत. तो शिजायला वेळ घेतो, आणि कोंड्यात तेल असल्याने लवकर खवट होतो. पांढरा तांदूळ व्यापाऱ्यांना परवडतो तो यामुळेच, जास्त दिवस टिकतो म्हणून.

गोव्यातल्या आणि कोकणातल्या वाचकांना मधला मार्ग माहीत आहे, तो म्हणजे उकडा तांदूळ. भात तुसासकट भिजवून उकडला की थायमिन दाण्याच्या आत मुरतं, मग सडलं तरी बरंच शिल्लक राहतं. मलायातल्या मळ्या-खाणींत उकडा तांदूळ खाणारे तमिळ मजूर बेरीबेरीतून बऱ्याच अंशी वाचले आणि पांढरा खाणारे चिनी मजूर तिला बळी पडले, ते यामुळेच. थायमिन पाण्यात विरघळतं. म्हणून भात ओसवून पाणी टाकण्यापेक्षा पाण्यासकट पेज पिणं चांगलं.

आज डाळ, भाजी, शेंगदाणे खाणाऱ्या घराला पांढऱ्या भाताची भीती बाळगायचं कारण नाही. पण जिथे ताटात भाताशिवाय फारसं काही नसतं, तिथे कोंडा जाणं परवडत नाही. यंदा गिरणीवर गेलात तर घरापुरतं एखादं पोतं कमी पॉलिशचं काढून घ्या. ते आधी संपवा, पांढरा काय, पुढे टिकेलच.