परातीतलं पाणी आणि फोनमधला सेन्सर: ॲग्नेस पॉकेल्सची गोष्ट

तुमचा फोन आडवा करून बघा. स्क्रीन फिरली ना? हे काम ॲक्सेलरोमीटर नावाचा सेन्सर करतो. त्याच्या आत सिलिकॉनचा एक इवलासा तुकडा सिलिकॉनच्याच बारीक स्प्रिंगांवर टांगलेला असतो. त्याच्या आजूबाजूला फट असते ती जेमतेम एक-दोन मायक्रॉनची. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे अंदाज करा.

हा तुकडा रसायनांनी कोरून मोकळा केला की पाण्यानं धुवावा लागतो, आणि धुतला की वाळवावा लागतो. घोळ होतो तो वाळवताना. फटीत अडकलेलं पाणी आटता आटता तुकड्याला खाली ओढतं, तो तळाला चिकटतो आणि बऱ्याचदा परत सुटतच नाही. सेन्सर बाद. पाण्याच्या या ओढीमागे पृष्ठताण असतो. शाळेत आपण त्यावर दोन मार्कांचा प्रश्न लिहून मोकळे झालो. पण पाण्याच्या पृष्ठभागावर काय चाललंय हे नीट मोजायची पद्धत एका बाईनं घरच्या घरी शोधली, आणि तिच्याकडे कॉलेजची साधी पदवीही नव्हती. नाव ॲग्नेस पॉकेल्स. सरफेस सायन्स शिकणाऱ्यांना हे नाव चांगलं माहीत असतं. बाकीच्यांना फारसं नसतं. मलाही नव्हतं.

मी तेरखेड्याचा. आमचं गाव फटाक्यांसाठी ओळखलं जातं, चिपसाठी नाही. पण पृष्ठभाग ही काय चीज आहे हे मला आधी गावातच कळलं होतं, फक्त तेव्हा त्याला नाव नव्हतं. ॲल्युमिनियमचं पातेलं चुलीवर वर्षानुवर्षं टिकतं. त्याच ॲल्युमिनियमची मैद्यासारखी भुकटी करा, ती फटाक्यात झक्कन पेटते. धातू तोच. फरक इतकाच की भुकटीचा खूप जास्त भाग बाहेर उघडा पडलेला असतो. नॅनोमटेरियलचा अर्धा खेळ हाच आहे: वस्तू जितकी बारीक, तितका तिचा पृष्ठभाग तिच्या वजनावर भारी. पुढे नोकरीत सेन्सरचा डेटा वाचणारा कोड लिहिताना हे सेन्सर बनतात कसे ते वाचायला घेतलं आणि वाचता वाचता ॲग्नेसपर्यंत पोचलो.

तिचा जन्म १४ फेब्रुवारी १८६२ चा, व्हेनिसमधला. तेव्हा व्हेनिस ऑस्ट्रियाच्या ताब्यात होतं आणि वडील ऑस्ट्रियन सैन्यात होते. त्यांना मलेरियानं गाठलं, तब्येत कायमची बिघडली, आणि १८७१ मध्ये कुटुंब जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात आलं. ॲग्नेस तिथल्या मुलींच्या शाळेत गेली. तिला भौतिकशास्त्राची आवड होती, पण शाळा संपली की पुढचं दार बंद. मुलींना विद्यापीठात प्रवेशच नव्हता.

आपल्याकडचा काळ शेजारी ठेवून बघा. आनंदीबाई जोशी ॲग्नेसहून तीन वर्षांनी लहान. डॉक्टर व्हायला त्या १८८३ मध्ये बोटीनं अमेरिकेला निघाल्या. पुण्याची हुजूरपागा १८८४ ची. म्हणजे युरोपात सगळं आधीच आलबेल होतं असं आपण धरून चालतो, ते काही खरं नाही.

तिचा धाकटा भाऊ फ्रिडरिश मात्र गॉटिंगेनला भौतिकशास्त्र शिकायला गेला. तो तिला पुस्तकं पुरवायचा. तोही पुढे मोठा शास्त्रज्ञ झाला. विजेच्या दाबानं काही स्फटिकांमधून जाणारा प्रकाश बदलतो, त्या परिणामाला त्याचंच नाव आहे. पण आपली गोष्ट बहिणीची.

ती घरी होती. आजारी आईवडिलांची सेवा, स्वयंपाक, धुणीभांडी. अठरा-वीस वर्षांची असताना तिचं लक्ष पाण्याच्या पृष्ठभागाकडे गेलं. तेलकट भांडं बुडवलं की पाणी वेगळं वागतं, साबण पडला की आणखी वेगळं. हे आपल्या सगळ्यांच्या घरात रोज दिसतं. तिनं ते मोजायचं ठरवलं.

१८८२ पर्यंत तिचं उपकरण तयार झालं होतं. पत्र्याची एक लांबट पन्हळ: ७० सेंटिमीटर लांब, ५ रुंद, २ खोल. ती काठोकाठ पाण्यानं भरायची. वरून दीड सेंटिमीटर रुंदीची पत्र्याची पट्टी आडवी टाकायची, अशी की तिचा खालचा भाग पाण्याला टेकेल. पट्टी सरकवली की एका बाजूचा पृष्ठभाग आकसतो, दुसऱ्या बाजूचा पसरतो. मग बटणाएवढी एक चकती, ६ मिलिमीटर व्यासाची, औषधाच्या दुकानात असतो तसल्या छोट्या तराजूला टांगून पाण्याला टेकवायची आणि ती उचलून सोडवायला किती वजन लागतं ते बघायचं. जितकं जास्त वजन, तितका पृष्ठताण जास्त. झालं उपकरण.

साधं वाटतं, पण यात एक जबरदस्त गोष्ट आहे. पाणी डोळ्यांना कितीही स्वच्छ दिसलं तरी त्याच्या पृष्ठभागावर न दिसणारी घाण असू शकते, आणि तेवढ्या घाणीनंही आकडे बदलतात. ॲग्नेसची पट्टी ही घाण चक्क केर लोटावा तशी एका बाजूला लोटायची आणि मागे स्वच्छ पृष्ठभाग सोडायची. मग त्यावर मोजून तेल टाकायचं आणि पट्टी सरकवत जागा कमी करत न्यायची. बराच वेळ पृष्ठताण फारसा हलतच नाही. ठरावीक जागा उरली की तो एकदम घसरायला लागतो. तिथं काय होत असतं? तेलाचे रेणू आतापर्यंत विखुरलेले होते, ते आता यात्रेतल्या गर्दीसारखे खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले असतात. एका रेणूच्या जाडीचा थर! हिशेब केला तर एका रेणूच्या वाट्याला साधारण ०.२ चौरस नॅनोमीटर जागा येते. या बिंदूला आज पॉकेल्स बिंदू म्हणतात.

रेणू खरंच असतात का यावरच तेव्हा मोठमोठे लोक वाद घालत होते, हे लक्षात घ्या.

जवळजवळ दहा वर्षं हे सगळं तिच्या वहीतच राहिलं. आसपासच्या प्राध्यापकांना त्यात रस नव्हता. मग तिला कळलं की इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले याच विषयावर काम करतायत. जानेवारी १८९१ मध्ये तिनं त्यांना जर्मनमध्ये पत्र लिहिलं, आपल्या निष्कर्षांसकट. रॅले तेव्हाच नावाजलेले होते, पुढे १९०४ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. त्यांच्या बायकोनं पत्राचं इंग्रजी भाषांतर केलं, आणि रॅलेंनी ते छापावं अशी शिफारस करून नेचर या साप्ताहिकाकडे पाठवलं. १२ मार्च १८९१ च्या अंकात ते छापून आलं, ॲग्नेसच्याच नावानं. मला या गोष्टीत रॅले सगळ्यात जास्त आवडतात ते इथं. ते स्वतः तेच काम करत होते, गुपचूप वापरलं असतं तर कोणाला कळलं असतं?

पुढच्याच वर्षी तिनं आणखी एक युक्ती दिली. पदार्थ थेट पाण्यावर न टाकता बेंझिनमध्ये विरघळवून टाकायचा. बेंझिन उडून जातं, पदार्थ पातळ पसरतो. पातळ थर बनवायला विद्रावकाची ही युक्ती प्रयोगशाळांमध्ये आजही वापरतात.

नंतर मुलींना विद्यापीठं उघडली, पण आईवडिलांच्या इच्छेखातर ती गेली नाही. निबंध लिहीत राहिली, जसा वेळ मिळेल तसे. १९०६ मध्ये वडील गेले. १९१३ मध्ये भाऊ, म्हणजे विज्ञानाशी असलेला तिचा घरचा धागा गेला. १९१४ मध्ये आई, आणि त्याच वर्षी महायुद्ध.

इकडे अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत अर्विंग लँगम्युर यांनी १९१७ मध्ये तिच्याच पद्धतीवर आधारलेलं सुधारित उपकरण वापरून असे थर नीट समजावून सांगितले. १९३२ मध्ये त्यांना पृष्ठभागांवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. त्याच वर्षी सत्तर वर्षांच्या ॲग्नेसला ब्राउनश्वाइगच्या तंत्र विद्यापीठानं मानद डॉक्टरेट दिली. आजही बऱ्याच ठिकाणी त्या पन्हळीला नुसतं लँगम्युरचं नाव लावतात. मला ते खटकतं. लँगम्युर मोठेच होते, पण पन्हळ आणि पट्टी बाईंची होती.

१९३५ मध्ये लँगम्युर यांच्या सहकारी कॅथरिन ब्लॉजेट यांनी असे एकेका रेणूचे थर काचेवर एकावर एक कसे चढवायचे ते दाखवलं. १९३८ मध्ये त्यांनी असे ४४ थर चढवून चकाकी न येणारी काच बनवली. तुमच्या कॅमेऱ्याच्या लेन्सवरचा पातळ लेप याच कल्पनेच्या घराण्यातला, बनवायची रीत फक्त वेगळी. ॲग्नेस मात्र २१ नोव्हेंबर १९३५ रोजी ब्राउनश्वाइगमध्येच वारली.

आता परत चिपकडे. कारखान्यात सिलिकॉनची चकती, म्हणजे वेफर, पुन्हा पुन्हा धुतात. पाण्याचा एक थेंब जरी तिच्यावर वाळला तरी डाग राहतो आणि डागाखालच्या चिपा वाया जातात. म्हणून एक पद्धत अशी: वेफर पाण्यातून हळूहळू वर काढायचा आणि त्याच वेळी वरून आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ सोडायची. वेफरला चिकटलेल्या पातळ पाण्यात अल्कोहोल मिसळलं की तिथला पृष्ठताण कमी होतो, खालच्या टाकीतल्या पाण्याचा जास्त असतो, आणि ते पाणी आपोआप खाली ओढलं जातं. वेफर कोरडा बाहेर येतो. सुरुवातीच्या सेन्सरसाठी तर काही ठिकाणी याहून पुढे जातात. पाण्याच्या जागी दाबाखालचा द्रवरूप कार्बन डायऑक्साइड भरतात आणि तो ३१ अंशांच्या वर तापवतात. तेव्हा द्रव आणि वायू यांत फरकच उरत नाही, म्हणजे पृष्ठभागच नाही, मग ओढणार कोण?

हे घरी करून बघायचं असेल तर देवघरातला कापूर घ्या. स्वच्छ पाण्यावर त्याचे बारीक तुकडे टाकले की ते आपोआप भिरभिरतात. ॲग्नेस आणि रॅले दोघांनीही हा कापराचा खेळ अभ्यासला होता. मी हे माझ्या आत्याला फोनवर सांगितलं. ती दहावीनंतर घरीच राहिली, आजी-आजोबांचं सगळं तिनंच केलं. ॲग्नेसला या कामाचे पैसे किती मिळायचे, एवढंच तिनं विचारलं. काहीच नाही, असं मी सांगितलं. मग तिनं पितळी घेऊन प्रयोग केला, आणि तुकडे जागचे हलेनात. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. तिनं मात्र काही न बोलता पितळी चिंचेनं आणि राखेनं घासली, दोनदा खळखळून धुतली, बोट न लावता पाणी भरलं, आणि व्हिडिओ कॉल लावून दाखवलं. कापूर पितळीभर पळत होता.