२८ सप्टेंबर विशेष : लुई पाश्चर आणि वागण्यातून ओळखू येणारा आजार



२८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. आपण फलकावर दिनविशेष लिहितो, परिपाठात दोन ओळी वाचून दाखवतो आणि पुढच्या कामाला लागतो. पण हीच तारीख का? तर १८९५ साली याच दिवशी लुई पाश्चर वारले. पाठ्यपुस्तकातून मुलांना पाश्चर माहीत असतात ते दुधाच्या पाश्चरीकरणामुळे. आज मात्र त्यांचं चरित्र जरा वेगळ्या बाजूने बघूया. माणूस असो, कुत्रा असो की रेशमाची अळी, वागणं बदललं की आत काहीतरी बिघडलंय हे ओळखणं, हा धागा त्यांच्या आयुष्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसतो. आणि आपल्या वर्गातल्या मुलांच्या जिवाशी त्याचा थेट संबंध आहे.

बालपण आणि लांडगा

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधल्या दोल या गावी झाला. वडील कातडी कमावण्याचं काम करायचे. त्याआधी ते नेपोलियनच्या सैन्यात होते. पुढे हे कुटुंब आर्ब्वा नावाच्या छोट्या गावात राहायला आलं. लुई शाळेत फार चमकणारा मुलगा नव्हता. चित्रं मात्र सुरेख काढायचा. आई-वडिलांची त्याने काढलेली चित्रं आजही जपून ठेवलेली आहेत. आता बघा, चित्र काढणाऱ्या मुलाला बारकाईने बघायची सवय आपोआप लागते. आपल्या वर्गातही असं एखादं मूल असतंच, नाही का?

१८३१ मध्ये त्या भागात एक पिसाळलेला लांडगा आला आणि त्याने अनेकांना चावे घेतले. त्या काळी यावर उपाय एकच होता, तापलेल्या लोखंडाने जखमेवर डाग देणं. जखमी माणसांना गावातल्या लोहाराकडे नेलं गेलं. लुई तेव्हा जेमतेम आठ-नऊ वर्षांचा होता. डाग देऊनही त्यातली काही माणसं पुढे तडफडून मेली. आपल्याकडेही डाग देणं, जखमेत मिरची भरणं, चुना लावणं हे प्रकार होतेच. काही ठिकाणी अजूनही होतात. म्हणजे भीती सगळीकडे सारखीच आणि अज्ञानही सारखंच.

घरातलं दुःख

पाश्चर पॅरिसला शिकले आणि रसायनशास्त्रज्ञ झाले. ते डॉक्टर नव्हते, हे लक्षात ठेवा, पुढे या गोष्टीला महत्त्व येणार आहे. १८४९ मध्ये मारी लोराँ यांच्याशी त्यांचं लग्न झालं. त्यांना पाच मुलं झाली, पण तीन मुली लहानपणीच गेल्या. थोरली झान १८५९ मध्ये विषमज्वराने गेली, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. १८६५ मध्ये दोन वर्षांची कामिय गेली आणि १८६६ मध्ये बारा वर्षांची सेसिल, तीही विषमज्वरानेच. आंबवण्याची क्रिया सूक्ष्मजीवांमुळे होते, हवेतले जंतू आत गेले नाहीत तर उकळलेला रस्सा नासत नाही, हे ज्याने जगाला दाखवून दिलं, त्याच्याच घरात जंतूंनी दोन मुली नेल्या. आजारांच्या मागे हा माणूस एवढा का लागला, हे मुलांना सांगताना ही गोष्ट जरूर सांगा.

अळ्यांचं निरीक्षण आणि स्वतःचं दुखणं

१८६५ मध्ये सरकारने त्यांना दक्षिण फ्रान्समध्ये पाठवलं. तिथे रेशमाच्या अळ्या मरत होत्या आणि शेतकरी देशोधडीला लागले होते. पाश्चरना रेशीमशेतीची काहीही माहिती नव्हती. पण ते अळ्या बघत बसले. कुठल्या खातात, कुठल्या सुस्त पडतात, कोष करायला काड्यांवर चढताना कोण चपळ आहे आणि कोण रेंगाळतंय. सूक्ष्मदर्शकातून त्यांनी आजारी पतंग ओळखायची पद्धत बसवली आणि फक्त निरोगी पतंगांची अंडी पुढच्या हंगामासाठी ठेवायला शिकवलं. हे काम बरीच वर्षं चाललं.

त्याच काळात, ऑक्टोबर १८६८ मध्ये, एका सकाळी त्यांना डाव्या अंगाला विचित्र मुंग्या आल्यासारखं वाटलं. नंतर अंगात थंडी भरली. बायकोला काळजी वाटली. तरी ते विज्ञान अकादमीच्या सभेला गेले, तिथे निबंध वाचला, घरी आले, जेवून झोपायला गेले. आणि मग अर्धांगवायूचा झटका आला. वय होतं अवघं ४५. जीव वाचला, पण डावा हात आणि पाय कायमचे अधू झाले. किड्याच्या चालीतला फरक ओळखणाऱ्या माणसाने स्वतःच्या शरीराची सूचना बाजूला सारली. आपणही हेच करतो. एका अंगाला अचानक मुंग्या, तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ जड होणं, ही लक्षणं दिसली की झोपून उठल्यावर बघू असं म्हणायचं नसतं, लगेच दवाखाना गाठायचा असतो.

पुढचं सगळं मोठं काम पाश्चरनी या अधू शरीराने केलं. कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर त्यांनी दुबळ्या केलेल्या जंतूंची लस शोधली. १८८१ मध्ये मेंढ्यांवर काळपुळीच्या लशीचा जाहीर प्रयोग केला. लस दिलेल्या मेंढ्या उभ्या राहिल्या, लस न दिलेल्या जवळजवळ सगळ्या मेल्या.

दोन कुत्रे

१८८० च्या अखेरीस एका पशुवैद्याने पाश्चरच्या प्रयोगशाळेत दोन पिसाळलेले कुत्रे पाठवले. हा प्रसंग वर्गात सांगाच. एक कुत्रा आपल्या कल्पनेतल्यासारखा होता. डोळे लाल, समोर काही नसतानाही अंगावर धावून जाणारा, दिसेल त्याला चावणारा, विचित्र आवाजात रडणारा. दुसरा अगदी उलट. त्याचा खालचा जबडा लुळा पडला होता, तोंड अर्धवट उघडं, जीभ बाहेर, लाळ गळत होती. डोळ्यांत नुसती वेदना. तो कुणावर धावतही नव्हता.

दोघांना आजार एकच, रेबीज. पहिल्याला आपण लांबूनच ओळखतो आणि पळतो. दुसऱ्याची आपल्याला दया येते. बिचाऱ्याच्या घशात हाड अडकलं असेल म्हणून माणूस त्याच्या तोंडात हात घालतो, आणि तिथेच घात होतो.

रेबीजचा जंतू पाश्चरना सूक्ष्मदर्शकात दिसलाच नाही, कारण तो विषाणू आहे आणि त्या काळच्या भिंगांच्या ताकदीपलीकडचा आहे. पण लक्षणं सगळी वागण्यातली, म्हणजे आजार मेंदूत आणि मज्जारज्जूत असणार, असा त्यांचा आणि त्यांचे सहकारी एमिल रू यांचा तर्क होता. तो बरोबर निघाला. मग सशांमध्ये आजार वाढवून, त्यांच्या मज्जारज्जूचे तुकडे कोरड्या हवेत टांगून वाळवायचे, अशी पद्धत त्यांनी काढली. जितके दिवस वाळवावं तितकं विष दुबळं होत जाई. चौदा दिवस वाळवलेला तुकडा जवळजवळ निरुपद्रवी असे.

जोसेफ आणि लुईझ

६ जुलै १८८५. अल्सास प्रांतातून एक आई नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन पॅरिसला आली. मुलाचं नाव जोसेफ माइस्टर. दोन दिवसांपूर्वी त्याला कुत्र्याने चौदा ठिकाणी चावलं होतं. तो कुत्रा मारल्यावर त्याच्या पोटात गवत, पेंढा आणि लाकडाचे तुकडे सापडले. जे खायचं नाही ते खाणं, हे त्या काळी पिसाळल्याचं मोठं लक्षण मानलं जाई.

पाश्चर स्वतः डॉक्टर नव्हते, त्यामुळे त्यांना सुई टोचता येत नव्हती. ते काम डॉ. ग्रांशे यांनी केलं. दहा-अकरा दिवसांत तेरा वेळा लस टोचली, प्रत्येक वेळी आधीपेक्षा ताजी आणि म्हणून जास्त जहाल. त्या रात्री पाश्चरना झोप लागत नव्हती. रू यांना ही घाई पटलेली नव्हती. नंतरच्या काळात इतिहासकारांनी पाश्चरच्या वह्या तपासल्या, तेव्हा त्यांनी जाहीरपणे सांगितलं त्यापेक्षा कुत्र्यांवरच्या चाचण्या अपुऱ्या होत्या असं दिसलं. मोठ्या माणसाची ही बाजूही मुलांना सांगायला हरकत नाही. जोसेफ वाचला. मोठेपणी तो पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येच देखरेखीच्या कामाला होता.

ऑक्टोबरमध्ये पंधरा वर्षांचा एक मेंढपाळ मुलगा आला, झां-बातिस्त झ्युपिय. लहान मुलांवर धावून आलेल्या पिसाळलेल्या कुत्र्याशी तो झुंजला होता. तोही वाचला. त्या झुंजीचा पुतळा आजही पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आहे.

पण आपण लक्षात ठेवायचं नाव तिसरं आहे. लुईझ पेलेतिए, वय दहा. तिच्या डोक्याला चावा होता आणि तिला आणलं तेव्हा चावून ३७ दिवस झाले होते. उशीर झालाय हे पाश्चरना कळत होतं, तरी आई-वडिलांना त्यांना नाही म्हणवेना. उपचार केले, पण डिसेंबर १८८५ मध्ये ती गेली. लस तीच आणि उपचार करणारेही तेच. हातातून गेला होता तो फक्त वेळ. रेबीजचा विषाणू जखमेतून नसांच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे जातो. तो पोचायच्या आत लस पोचली पाहिजे. लक्षणं सुरू झाली की आजही माणूस वाचणं जवळजवळ अशक्य आहे.

१८८८ मध्ये लोकवर्गणीतून पाश्चर इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथेच काम केलेल्या वाल्डेमार हाफकिन यांनी पुढे मुंबईत प्लेगची लस तयार केली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. म्हणजे पॅरिसच्या त्या प्रयोगशाळेचं आणि आपलं नातं इतकं जवळचं आहे.

आता आपल्या शाळेत

पाश्चरचं चरित्र फक्त जन्म-मृत्यूच्या तारखा पाठ करून संपवू नका. मुलांना पुढच्या गोष्टी सांगा.

१. प्राण्याचं वागणं बदललं की सावध व्हा. लाडात येणारं कुत्रं अंधारात लपायला लागलं, शांत कुत्रं विनाकारण चावायला लागलं, भुंकण्याचा आवाज बदलला, लाळ गळते, जबडा लोंबतोय, चाल डळमळते, माती-लाकूड चावतंय, तर जवळ जायचं नाही. कोल्हा किंवा मुंगूस भरदिवसा माणसाजवळ न भिता आलं, तरी ते माणसाळलेलं समजू नका.

२. गाय-म्हैस सतत हंबरते, लाळ गाळते, गिळता येत नाही, तर घशात काही अडकलंय म्हणून उघड्या हाताने तपासू नका. आधी पशुवैद्यांना बोलवा. दुसऱ्या आजारांतही जनावरं अशी वागतात, म्हणून निदान त्यांनीच करायचं. आपलं काम फरक ओळखून कळवण्याचं.

३. चावलेलं कुत्रं चांगलं दिसतंय म्हणून थांबू नका. लक्षणं दिसायच्या काही दिवस आधीपासूनच त्याच्या लाळेत विषाणू असू शकतो. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची, पण लस त्याच दिवशी सुरू करायची.

४. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवायची. मिरची, चुना, हळद काही नाही. मग थेट आरोग्य केंद्र. आता पोटात चौदा इंजेक्शनं नसतात, दंडात मोजक्याच सुया असतात. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर लशीसोबत जखमेत आणखी एक औषध टोचावं लागतं, ते विचारून घ्या. आणि सगळे डोस पूर्ण करा.

५. मांजराचा ओरखडासुद्धा लपवायचा नाही.

यातली पाचवी गोष्ट आपल्यासाठी आहे, पालक आणि शिक्षकांसाठी. मूल ओरखडा का लपवतं? मार बसेल म्हणून. कुत्र्याच्या पिल्लाशी खेळू नको सांगितलं होतं ना, हे ऐकावं लागेल म्हणून. मग ते बाही खाली ओढून बसतं, गप्प राहतं, डबा खात नाही. नेहमी बडबडणारं मूल गप्प झालं की तेही वागण्यातलं लक्षणच समजा. जवळ बोलवा, हात-पाय बघा, प्रेमाने विचारा. रागवायला नंतर भरपूर वेळ आहे, लशीला नाही.

तेव्हा येत्या २८ सप्टेंबरला परिपाठात जोसेफची गोष्ट सांगा, आणि त्याच्यासोबत लुईझचीही सांगा. गोष्ट संपल्यावर वर्गाला एवढंच विचारा, गेल्या काही दिवसांत कुणाला काही चावलंय किंवा ओरखडलंय का? कुणी रागावणार नाही हे आधी सांगा. एखादा हात वर आला, तर त्या दिवशीचा पाठ बाजूला ठेवा आणि त्या मुलाच्या घरी फोन लावा.