वादळात भ्यालेला उपदेशक

मेथडिस्ट चळवळीचे आद्य पुढारी जॉन वेस्ली यांचे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. बेळगाव, बडोदे, हैदराबाद येथील कितीतरी ख्रिस्ती कुटुंबे मेथडिस्ट मंडळीतच वाढली आहेत. घोड्यावरून गावोगाव फिरणारा, दगडांचा मारा सोसणारा धीट उपदेशक, असे वेस्लींचे चित्र आपल्या मनात असते. परंतु हेच वेस्ली वयाच्या बत्तिसाव्या वर्षी मरणाला फार भीत होते. ही गोष्ट त्यांनी स्वतःच आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली आहे.

त्यांचा जन्म इंग्लंडमधील एपवर्थ गावी १७०३ साली एका पाळकाच्या घरी झाला. ऑक्सफर्डला त्यांचे शिक्षण झाले, १७२८ साली पाळकपणाची दीक्षा मिळाली. उपास, प्रार्थना, तुरुंगातील कैद्यांच्या भेटी, गरिबांना मदत, सर्व काही नेमाने चाले. बाहेरून पाहणाऱ्याला त्यांच्या भक्तीत उणे असे काही दिसले नसते.

१७३५ च्या ऑक्टोबरात ते अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीत सेवेसाठी जहाजाने निघाले. त्याच जहाजावर जर्मनीचे २६ मोरेव्हियन ख्रिस्ती होते. २५ जानेवारी १७३६ च्या संध्याकाळी मोठे वादळ झाले. मोरेव्हियन लोकांची उपासना नुकतीच सुरू झाली होती. एवढ्यात लाटेने मुख्य शीड फाडले व पाणी जहाजात शिरले. इंग्रज प्रवासी किंचाळू लागले. जर्मन बंधुभगिनी मात्र शांतपणे स्तोत्र गात राहिल्या. तुम्हाला भीती वाटली नाही काय, असे वेस्लींनी नंतर त्यांच्यातील एकाला विचारले. त्याने देवाचे आभार मानून नाही म्हटले, आणि आमच्या बायकामुलांनाही मरणाचे भय नाही, असे सांगितले. विद्वान पाळकाजवळ जे नव्हते, ते या साध्या लोकांजवळ होते.

जॉर्जियातील सेवेला यश आले नाही. १७३८ च्या फेब्रुवारीत वेस्ली खिन्न मनाने मायदेशी परतले. लंडनमध्ये त्यांना पीटर बोहलर हा पंचविशीतला मोरेव्हियन उपदेशक भेटला. त्याच्याशी बोलताना वेस्लींची खात्री पटली की, ज्या विश्वासाने तारण होते तो आपल्याजवळ नाही. मग दुसऱ्यांना काय सांगावे? त्यांनी उपदेश करणे सोडण्याचा विचार केला. बोहलरने सांगितले, सोडू नका. विश्वास मिळेपर्यंत विश्वासाचाच उपदेश करा. मिळाल्यावर तो मिळाला आहे म्हणून कराल.

हे ऐकणे सोपे नव्हते. वेस्लींचे मन मागे ओढ घेत होते, तरी ते गेले. ६ मार्च रोजी त्यांनी केवळ विश्वासाने मिळणाऱ्या तारणाची वार्ता प्रथम सांगितली, ती फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याला. त्याच महिन्याच्या अखेरीस ऑक्सफर्डच्या तुरुंगात एक दंडित मनुष्य त्यांच्याबरोबर प्रार्थनेला गुडघ्यांवर बसला. बसताना तो घाबरलेला होता; उठला तेव्हा ख्रिस्ताने आपली पापे दूर केली आहेत व आपण मरायला सिद्ध आहोत असे म्हणाला, आणि त्याच शांतीने वधस्तंभाकडे गेला. ज्याने ही वार्ता आणली, त्याच्या हृदयात अजून ती शांती आलेली नव्हती!

ती आली २४ मे १७३८ रोजी. त्या संध्याकाळी लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरील एका सभेला ते फारशा इच्छेविना गेले. तेथे रोमकरांस पत्रावरील ल्यूथरची प्रस्तावना वाचली जात होती. पावणेनऊच्या सुमारास त्यांच्या हृदयात ऊब आली, आणि ख्रिस्ताने माझीच, होय माझीच पापे दूर केली, असा भरवसा त्यांना मिळाला.

त्यानंतरही मोह आणि शंका आल्याच. पुढच्या वर्षी जॉर्ज व्हाइटफील्ड यांनी त्यांना ब्रिस्टलला बोलावले. देवळाबाहेर उपदेश करणे वेस्लींना जवळजवळ पापच वाटे. लोकलाज सोडून २ एप्रिल १७३९ रोजी ते उघड्यावर उभे राहिले; सुमारे ३,००० लोक ऐकत होते. १७४३ च्या ऑक्टोबरात वेन्सबरी येथे जमावाने त्यांना ओढत नेले, मारले. तेव्हा आपण आपल्या अभ्यासिकेत बसावे तसे शांत होतो, अशी त्यांची साक्ष आहे. त्या जमावाचा एक म्होरक्याच शेवटी त्यांचा रक्षक झाला. २ मार्च १७९१ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, मित्रांच्या सहवासात देवाची स्तुती करीत ते प्रभूकडे गेले. वादळात जे गीत त्यांना गाता आले नव्हते, ते मरणाच्या दारात त्यांच्या ओठी होते.

प्रिय वाचकहो, आधी भीती जाईल, मग मी आज्ञा पाळीन, असे आपण म्हणतो. यार्देनेचे पाणी मात्र याजकांचे पाय त्यात बुडल्यावर थांबले. सभेत मोठ्याने प्रार्थना करण्याची भीती, रुसलेल्या भावाच्या दारी जाण्याची भीती, कचेरीत खोट्या कागदावर सही नाकारण्याची भीती, आजारी माणसाजवळ मरणाविषयी बोलण्याची भीती. यांतील एखादी आपल्याला ठाऊक असेलच. संडेस्कूलच्या शिक्षकांनी वेस्लींच्या धैर्याबरोबर त्यांची भीतीही मुलांना सांगावी, म्हणजे भित्र्या मुलालाही कळेल की प्रभू त्यालाही बोलावतो. या आठवड्यात प्रभूने दाखवलेले एक पाऊल थरथरत का होईना टाकू या. पाणी थांबविणे त्याच्या हाती आहे.