माँटेसरीबाई आणि अड्यारचा वर्ग

नोव्हेंबर १९३९ मध्ये डॉ. मारिया माँटेसरी मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, आल्या तेव्हा त्यांचे वय ६९ होते. थिऑसॉफिकल सोसायटीचे अध्यक्ष जॉर्ज अरुंडेल आणि त्यांच्या पत्नी, ‘कलाक्षेत्रा’च्या संस्थापिका रुक्मिणीदेवी, यांच्या निमंत्रणावरून त्या अध्यापकवर्ग चालविण्यासाठी आल्या होत्या. मुक्काम काही महिन्यांचा ठरला होता. महायुद्धामुळे तो १९४६ पर्यंत लांबला.

बाईंचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील क्यारावाले या गावी झाला. १८९६ मध्ये रोम विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. मनोरुग्णालयातील मंदबुद्धी मुले पाहता पाहता, या मुलांना औषधापेक्षा शिक्षणाची गरज अधिक आहे, अशी त्यांची खात्री पटली. इतार आणि सेगँ या फ्रेंच वैद्यांचे ग्रंथ अभ्यासून त्यांनी अशा मुलांसाठी साधने बनविली. ती मुले लिहू-वाचू लागली, तेव्हा बाईंना पडलेला प्रश्न वेगळाच होता : मग सुदृढ मुले शाळेत इतकी मागे का राहतात?

त्याचे उत्तर शोधण्याची संधी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या कामकऱ्यांच्या वस्तीत मिळाली. आईबाप कामावर गेल्यावर मोकाट फिरणारी मुले चाळीच्या भिंती खराब करतात, एवढीच मालकांची तक्रार होती. तेथे उघडलेल्या ‘बालगृहा’त वेळापत्रकाने बांधलेला एकसाथ पाठ मागे पडला. खाचांत बसणारे लहानमोठे लाकडी दंडगोल, बोटाने गिरवायची काचकागदाची अक्षरे अशी साधने मांडलेली असत. मुलाने हवे ते घ्यावे आणि मन भरेपर्यंत करावे. चूक झाली तर शेवटचा दंडगोल खाचेत बसत नाही. शिक्षिकेला बोलावे लागत नाही. प्रत्येक मूल आपल्या गतीने चालते आणि शिक्षिका निरीक्षण करून योग्य क्षणी पुढचे साधन हाती देते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. डोळ्यांनी शिकणारा, कानांनी शिकणारा असे मुलांचे शिक्के पाडून त्यानुसार अध्यापन करावे, असा विचार अलीकडे बराच पसरला आहे. त्याला संशोधनाचा भक्कम आधार मात्र मिळालेला नाही. माँटेसरीबाईंचा मार्ग तो नव्हे. डोळा, कान, हात ही सर्व दारे त्यांनी प्रत्येक मुलापुढे उघडी ठेवली.

त्यांच्या खासगी जीवनात या मुलांवरील मायेला एक वेदनेची किनार आहे. १८९८ मध्ये विवाहाबाहेर जन्मलेला त्यांचा मुलगा मारिओ खेड्यात परक्या कुटुंबात वाढला. पुढे आईजवळ आल्यावरही जगापुढे तो दीर्घकाळ पुतण्या म्हणूनच वावरला. मुसोलिनीने प्रथम बाईंच्या शाळांना आश्रय दिला. १९३४ मध्ये संबंध तुटले आणि इटलीतील शाळा बंद झाल्या. स्पेनमधील यादवीमुळे १९३६ मध्ये बार्सिलोनाही सोडावे लागले.

अशा स्थितीत अड्यारचा वर्ग सुरू झाला. भारताच्या नाना प्रांतांतून आलेले तीनशेच्या वर अध्यापक ताडपत्रांनी शाकारलेल्या मांडवांत बसत. बाई इटालियनमध्ये बोलत आणि मारिओ त्याचे इंग्रजी करी. ऐकणाऱ्यांच्या घरची भाषा तिसरीच. व्यक्तिगत शिक्षणाचा सिद्धान्त शिकविण्यास याहून विषम वर्ग क्वचितच सापडला असता. शिवाय रोमन लिपीसाठी केलेली सुटी अक्षरे येथे तशीच चालणारी नव्हती. देवनागरीत काना-मात्रा-वेलांट्या आल्या, जोडाक्षरे आली; तमिळमध्ये व्यंजनाच्या डावीकडे, उजवीकडे बसणारी स्वरचिन्हे आली. पद्धत प्रत्येक मुलाला अनुरूप हवी, तर ती प्रत्येक लिपीलाही अनुरूप करणे भागच होते.

जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली. ब्रिटिश सरकारने मारिओला स्थानबद्ध करून अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) धाडले आणि बाईंवर अड्यारच्या आवाराबाहेर न जाण्याचे बंधन घातले. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी व्हाइसरॉयने मारिओची सुटका केली. त्या आदेशात त्याचा उल्लेख ‘पुत्र’ असाच होता. जे नाते चाळीस वर्षे आडपडद्यात राहिले, ते परक्या सरकारच्या तारेने उघड व्हावे, हा विलक्षण योग होय. पुढे कोडाईकनाल येथे निरनिराळ्या वयांची मुले एकत्र शिकवीत त्यांनी मोठ्या मुलांसाठीही पद्धतीचा विस्तार केला.

बाईंच्या कार्याला मर्यादा होत्या. साधनांच्या बाबतीत त्या कमालीच्या काटेकोर. अनुयायांनी केलेला बदल त्यांना सहसा रुचत नसे. तशा महाग साधनांची शाळा आपल्याकडे सुखवस्तूंचीच राहिली असती. ही कोंडी फोडली ताराबाई मोडकांनी. भावनगरला गिजुभाई बधेकांसमवेत ही पद्धत आत्मसात केलेल्या ताराबाईंनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उघडले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. शिंपले, बिया, पाने हीच तेथली साधने. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच वस्तीतल्या अंगणात गेली.

६ मे १९५२ रोजी नेदरलँड्समधील नोर्डवाइक येथे माँटेसरीबाईंचे निधन झाले. बोर्डीचे काम तेव्हा चालूच होते. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांच्या पाड्यांजवळ गेले.