चोच, पंख आणि पाय वाचणारा माणूस

पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक म्हटलं की आचार्य विनोबा भावे आठवतात. ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचा जन्म इथे झाला. त्यानंतर चौदा महिन्यांनी, १२ नोव्हेंबर १८९६ ला, मुंबईत सालिम अली जन्मले. त्यांचं गागोद्याशी नातं नाही, पण आपल्या रायगड जिल्ह्याशी आहे. आणि तुमच्या भाताच्या लोंब्यांवर दरसाल उतरणाऱ्या सुगरण पक्ष्याशी तर फारच जवळचं आहे.

दहा भावंडांतले ते धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीत त्यांना वाढवलं. पोरवयात छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारण्याचा नाद होता. एकदा पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. नेहमीच्या घरचिमणीला तो नसतो. मामांनी पोराला चिमणीसकट बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडलं. तिथले सचिव मिलार्ड या गोऱ्या गृहस्थांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचं सांगितलं आणि पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खण एकेक करून उघडून दाखवले. एवढ्याशा डागावरून जात वेगळी ठरते, हे त्या पोराच्या मनात बसलं ते कायमचं.

पुढे तिथेच ते पक्ष्याची कातडी सोलून टिकवायला शिकले. हे काम कसं चालतं ते समजून घ्या, कारण जनावरांची हाडंपेरं तुम्हाला ठाऊकच आहेत. पक्षी मिळाला की आधी डोळ्याचा, चोचीचा, पायाचा रंग लिहायचा, कारण तो लवकर उडतो. मग पंख, चोच, शेपटी आणि पायाची नळी मोजायची. पोट उघडून नर की मादी ते पाहायचं, पोटात काय खाल्लेलं आहे तेही नोंदवायचं. शेवटी गाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी पायाला बांधायची. चिठ्ठी नसेल तर ते नुसतं पिसांचं बोचकं.

ही मापं बोलतात. लांब, टोकदार पंखाचा पक्षी लांब पल्ला मारतो. आखूड, गोल पंखाचा झुडपातल्या झुडपात फिरतो. जाड, शंकूसारखी चोच दाणा फोडते. शिंजिराची बारीक, वाकडी चोच फुलात शिरते. सुताराच्या पायाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे, म्हणून तो उभ्या खोडाला चिकटतो. घरी कोंबडी कापाल तेव्हा छातीचं हाड पाहा. होडीच्या तळासारखी त्याची धार उभी असते आणि पंख हलवणारं मांस तिलाच धरून असतं. पंखाचं हाड सोलून बघा, आपल्या दंडासारखंच एक हाड, पुढे दोन हाडं, मग मनगट. आणि कोंबडीचा मागे वळलेला जो गुडघा आपण समजतो, ती खरी तिची टाच. बैलाचंही तसंच. एकाच जुन्या साच्यातून हे सगळे जीव बदलत आले, याची साक्ष ही हाडंच देतात.

आता पोटापाण्याचं. कॉलेज अर्ध्यावर सोडून १९१४ मध्ये ते ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या धंद्यावर गेले. तिथे धंद्यापेक्षा रानातच जास्त रमले. परतल्यावर १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी लग्न झालं. प्राणिशास्त्र ते मुंबईत फादर ब्लाटर यांच्या हाताखाली शिकले, पण विद्यापीठाची पदवी नसल्याने सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्याने त्यांना घेतलं नाही. (पुढे विद्यापीठांनीच बोलावून मानद डॉक्टरेट दिल्या! माझ्यासारख्या पदविकाधारकाला यात थोडा आनंद होतो, तो तुम्ही समजून घ्याल.) १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून नोकरी लागली. दोन वर्षांनी ते बर्लिनला प्राध्यापक स्ट्रेझमान यांच्याकडे गेले. पक्ष्याच्या पायात कडं घालून त्याची वाट शोधण्याची पद्धतही ते जर्मनीतच शिकले. १९३० मध्ये परत येतात तो काय, पैशाअभावी जागाच रद्द झालेली.

मग बिऱ्हाड आलं आपल्या अलिबाग तालुक्यातल्या किहीमला, तेहमिनाबाईंच्या माहेरच्या घरात. बेकारीच्या त्या दिवसांत त्यांनी शेजारची सुगरणीची वसाहत पाहिली. रोज, महिनोनमहिने. आपण म्हणतो सुगरण घरटं विणते. विणणारा नर असतो. तो अर्धं घरटं विणून थांबतो. मादी येऊन तपासते. पसंत पडलं तर नर पुढची नळी पुरी करतो, मादी अंडी घालते, आणि हा गडी दुसरं घरटं सुरू करून दुसऱ्या मादीला बोलावतो. पिलांचं बरंचसं ओझं मादीवर. १९३१ मध्ये हे छापून आलं आणि जाणकारांत त्यांचं नाव झालं. किहीमच्या बेकारीतून इतकं मोठं काम उभं राहिलं, हे रायगडकरांना ठाऊक हवं.

त्यानंतर त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांतले पक्षी नोंदवले. तेहमिनाबाई रानावनात बरोबर असत. १९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. अली खचले, पण काम सोडलं नाही. भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक १९४१ मध्ये आलं. सह्याद्रीतले काही पक्षी, उदाहरणार्थ मोठा धनेश, थेट पूर्व हिमालयातही दिसतात आणि मधल्या मुलखात नसतात. असं का? सुंदरलाल होरा यांनी डोंगरी ओढ्यांतल्या माशांवरून म्हटलं होतं की सातपुड्याची रांग पूर्वी ओली, दाट होती आणि जीव त्या वाटेने इकडे आले. १९४९ मध्ये अलींनी पक्ष्यांच्या बाजूने तीच वाट तपासली. हे मत आजही सर्वांना मान्य नाही.

त्यांनी बंदुकीने पुष्कळ पक्षी टिपले, हा आक्षेप काही जण घेतात. खरं आहे. त्या काळी शरीर हातात आल्याशिवाय जात ठरत नव्हती. आज परवान्याशिवाय असं करणं १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे. आता करायची गरजही नाही.

आपल्या कामाची गोष्ट मात्र पोटातली. पक्षी शत्रू की मित्र हे ऐकीव गप्पांवर नको, त्याने काय खाल्लं ते पाहून ठरवा, असा त्यांचा आग्रह होता. भोरड्या देशावरची ज्वारी लुटतात, आणि टोळधाडही त्याच फस्त करतात. सुगरण दाणा खाते, पण पिलांना किडे भरवते. म्हणून लोंबी भरताना पाखरं हाकला, जरूर हाकला. पण विषारी दाणे टाकू नका, आणि आषाढ-श्रावणात ताडावरची घरटी पाडू नका.

रिप्ली यांच्याबरोबरचा दहा खंडांचा ग्रंथ १९७४ मध्ये पुरा झाला. १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभा. २० जून १९८७ रोजी नव्वदाव्या वर्षी ते मुंबईत वारले.

त्यांची पद्धत पक्षी न मारताही वापरता येते. पडक्या वाड्यात गव्हाणी घुबड असेल तर खाली काळपट गोळे सापडतील. ती विष्ठा नव्हे, न पचलेलं घुबडाने ओकून टाकलेलं असतं. गोळा पाण्यात भिजवून काडीने सोडवा. केस निघतील, मग उंदरांच्या कवट्या आणि दात असलेले जबडे. जबडे जोडीने लावून मोजले की किती उंदीर गेले ते कळतं. हात मात्र साबणाने धुवा, आणि शाळेच्या मास्तरांना सांगून पोरांकडूनही एकदा मोजून घ्या.