कागदी म्यानातील धार : किंग कॅम्प जिलेट यांचे आयुष्य

अमेरिकेतील जुन्या घरांत राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांना कधी कधी एक कोडे पडते. न्हाणीघरातील आरशामागच्या औषधांच्या कपाटात, मागच्या पत्र्याला, जेमतेम नखाएवढी जाड एक आडवी फट असते. ती कशासाठी, हे घर विकणाऱ्यालाही अनेकदा ठाऊक नसते. दाढीचे वापरलेले पाते त्या फटीतून भिंतीच्या पोकळीत टाकून द्यायचे, एवढाच तिचा उपयोग. घराची दुरुस्ती निघाली, भिंत फोडली, की गंजलेल्या पात्यांचा ढीग बाहेर पडतो.

वापरलेले पाते कोणाला न कापता टाकायचे कुठे, हा प्रश्न भिंतीने सोडवला. त्याआधीचा प्रश्न अधिक अवघड होता. उघडी, दुधारी, कागदासारखी पातळ धार कारखान्यातून निघून हमाल, दुकानदार आणि पोस्टमन यांच्या हातांतून जाईल आणि वाटेत कोणाचेही बोट कापणार नाही, हे साधायचे कसे? ज्यांच्या नावाने ही धार जगभर गेली, त्या किंग कॅम्प जिलेट यांचे आयुष्य या प्रश्नाशी बांधलेले आहे. मात्र त्यांना स्वतःला जगाच्या हाती जे द्यायचे होते, ते पाते नव्हतेच.

जिलेट यांचा जन्म ५ जानेवारी १८५५ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील फाँड डु लॅक या गावी झाला. पुढे कुटुंब शिकागोला आले. वडिलांना यंत्रे आणि शोध यांचा नाद होता. आई फॅनी जिलेट यांनी १८८७ साली 'व्हाइट हाऊस कुक बुक' हे पाकशास्त्राचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतील असंख्य स्वयंपाकघरांत पोहोचले. १८७१ च्या ऑक्टोबरात शिकागो शहर जळाले आणि त्या आगीत जिलेट कुटुंबाची मालमत्ताही गेली. किंग यांना कोवळ्या वयातच फिरत्या विक्रेत्याची नोकरी धरावी लागली. पुढची अनेक वर्षे आगगाडी, हॉटेलची खोली आणि नमुन्यांची पेटी हेच त्यांचे जग होते. फावल्या वेळात ते लहानमोठ्या वस्तूंची पेटंटे मिळवीत. त्यांतून श्रीमंती मात्र आली नाही.

१८९० च्या दशकात ते विल्यम पेंटर यांच्या कंपनीत विक्रेते झाले. बाटलीच्या तोंडावर बसवून एकदा उघडले की फेकून द्यायचे, ते पत्र्याचे बूच हा पेंटर यांचा शोध. एकदा वापरून टाकली जाईल आणि गिऱ्हाइकाला पुन्हा घ्यावी लागेल, अशी एखादी वस्तू शोधून काढ, असा सल्ला त्यांनी जिलेट यांना दिला. जिलेट यांच्या मनात तो घर करून राहिला.

याच काळात त्यांच्या मनात एक निराळाच विचार चालू होता. गावोगावी हिंडताना त्यांनी एकाच मालासाठी दहा दुकाने, दहा विक्रेते आणि दहा कारखाने एकमेकांची गिऱ्हाइके ओढताना पाहिले होते. या स्पर्धेत माणसांचे श्रम वाया जातात आणि गरिबीचे मूळ तिथेच आहे, असे त्यांचे ठाम मत बनले. १८९४ साली त्यांनी 'द ह्यूमन ड्रिफ्ट' हे पुस्तक लिहिले. सर्व उद्योग मिळून एकच कंपनी असावी, तिची मालकी जनतेकडे असावी, आणि नायगारा धबधब्याच्या विजेवर चालणाऱ्या एकाच महानगरात सहा कोटी माणसांनी राहावे, असा आराखडा त्यांनी त्यात मांडला. महानगराची लांबी १३५ मैल आणि रुंदी ४५ मैल. पुस्तकाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइन येथील घरी ते सकाळी दाढीला बसले. वस्तऱ्याची धार गेली होती. चामड्याच्या पट्ट्यावर घासून ती परत येणार नव्हती. वस्तरा कारागिराकडे न्यावा लागणार होता. वस्तऱ्यात कामाला येते ती फक्त धार. मागचे जाड पोलाद केवळ तिला धरून ठेवते. मग पातळ पोलादी पट्टीला दोन्ही कडांनी धार लावून ती धारकात पकडली, आणि बोथट झाली की टाकून दिली, तर? त्याच दिवशी त्यांनी बाजारातून पितळ, पोलादी पट्टी आणि कानस आणून कच्चा नमुना केला. पत्नी तेव्हा ओहायोत नातेवाइकांकडे गेली होती. आता आपले दैव उघडले, असे त्यांनी तिला पत्राने कळवले.

दैव उघडायला आठ वर्षे लागली. दांड्याला बसवलेला वस्तरा त्यापूर्वीही निघाला होता. न्यूयॉर्कच्या कांफे बंधूंनी १८८० मध्येच तसा वस्तरा केला होता. पण त्याचे पाते जाड होते आणि त्याला वारंवार धार लावावी लागे. जिलेट यांना हवे होते सुमारे ०.१५ मिलिमीटर जाडीचे, टाकून देण्याइतके स्वस्त पाते. इतके पातळ पोलाद तापवून विझवले की ते वाकडे होई. हे होणे नाही, असे जाणकारांनी त्यांना वारंवार सांगितले. अखेर एमआयटीत शिकलेले अभियंते विल्यम निकर्सन यांनी बॉस्टनमध्ये मासळीच्या दुकानावरच्या खोलीत काम सुरू केले. पोलाद सरळ ठेवून कठीण करण्याची रीत आणि धार लावणारी यंत्रे त्यांनी सिद्ध केली. २८ सप्टेंबर १९०१ रोजी कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी तिला जिलेट यांचे नाव मिळाले. १९०३ मध्ये विक्री झाली ती अवघ्या ५१ रेझरांची आणि १६८ पात्यांची. १९०४ मध्ये रेझरांचा आकडा नव्वद हजारांवर गेला. त्याच वर्षीच्या १५ नोव्हेंबरला पेटंटही हाती आले.

या यशाचे श्रेय बहुधा पात्याला दिले जाते. त्याच्या वेष्टणाचा विचार फारसा होत नाही. जुना वस्तरा आपल्याच मुठीत मिटतो. तो खिशात ठेवा की पेटीत, धार झाकलेली असते. नव्या पात्याला मूठच नव्हती, म्हणून त्याचे म्यान कागदाचे करावे लागले. कागदाने धार अडते कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. पाते नुसते टेकले तर फारसे कापत नाही. ते घसरले की कापते. म्हणून प्रत्येक पाते वेगळ्या कागदात घट्ट गुंडाळायचे आणि अशी पाती डबीत इतकी जुळवून भरायची की हलायला जागाच उरू नये. पोलादाला गंज चढू नये, हे कामही वेष्टणाकडेच आले. पुढे काही पाती मेणाच्या बारीक ठिपक्यांनी कागदाला चिकटवली जाऊ लागली, म्हणजे धारेची कड कागदाला लागतही नाही.

त्या काळी अमेरिकेत खेड्यापाड्यांपर्यंत घरपोच टपाल पोहोचू लागले होते. कॅटलॉग पाहून मागवलेला माल शेतकऱ्याच्या दारात येत होता आणि १ जानेवारी १९१३ पासून टपाल खात्याची पार्सल सेवाही सुरू झाली. अशा व्यापाराला हलकी, चपटी आणि निर्धोक वस्तू सोयीची होती. आजही अमेरिकेच्या टपालाने धारदार वस्तू पाठवताना अट असते ती हीच : धार अशी झाकलेली हवी की ती बाहेरचे वेष्टण चिरून पोस्टातल्या कोणाला इजा करणार नाही. गावाकडे पार्सल करताना पात्याची डबी नुसत्या पाकिटात टाकणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे. पाते मूळ कागदातच राहू द्यावे, डबीला चिकटपट्टीने बांधून टाकावे, बाहेर कडक पुठ्ठ्याचा खोका घ्यावा आणि आत काहीही खुळखुळू नये.

पात्याच्या वेष्टणावर जिलेट यांचे मिशाळ चित्र आणि सही छापलेली असे. नकली मालापासून ओळख पटावी, हा तिचा हेतू. परिणाम असा झाला की रोज सकाळी लाखो पुरुष त्यांचा चेहरा उलगडून बाजूला टाकत. त्यांनी रेझर फुकट वाटून पात्यांवर पैसा केला, ही गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गांत अजून सांगितली जाते. ती खरी नाही. पेटंट होते तोवर रेझरची किंमत पाच डॉलर होती आणि सामान्य कामगाराला ती जड जाई. स्वस्ताई आली ती १९२१ मध्ये पेटंट संपल्यावर. तोवर पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी पस्तीस लाख रेझर घेतले होते आणि घरी परतलेल्या तरुणांच्या हाताला त्याची सवय लागली होती.

या पैशाने जिलेट सुखी झाले असे म्हणवत नाही. स्पर्धेचा अंत करू पाहणाऱ्या या माणसाची कंपनी पेटंटाच्या भिंतीआड आणि न्यायालयातील लढायांवर वाढत होती. १९१० च्या सुमारास त्यांनी कंपनीची सूत्रे प्रमुख भांडवलदार जॉन जॉइस यांच्याकडे जाऊ दिली आणि आपण अध्यक्षपदापुरते उरले. त्याच वर्षी त्यांनी 'वर्ल्ड कॉर्पोरेशन' ही पुस्तिका काढली आणि त्या जागतिक कंपनीचे अध्यक्षपद घ्यावे म्हणून थिओडोर रूझवेल्ट यांना दहा लाख डॉलर देऊ केले. रूझवेल्ट यांनी नकार दिला. १९२४ मध्ये कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर यांच्या साहाय्याने त्यांनी आणखी एक पुस्तक सिद्ध केले. तीस वर्षांत विचार बदलला नाही आणि वाचकही वाढले नाहीत.

शेवटची वर्षे कॅलिफोर्नियात गेली. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला. १९३० मध्ये प्रतिस्पर्धी कंपनीशी विलीनीकरण होताना जिलेट कंपनीने नफा फुगवून दाखवल्याचे उघड झाले आणि समभाग घसरले. त्यांची संपत्ती मुख्यतः समभागांत आणि जमिनींत अडकलेली होती. ती झपाट्याने आटली. १९३१ मध्ये अध्यक्षपद गेले. ९ जुलै १९३२ रोजी लॉस एंजेलिसजवळ त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे अर्धे ब्लेड मोडून पेन्सिलीला टोक काढणाऱ्या, शिंप्याकडे त्याने टाके उसवताना पाहिलेल्या पिढीला हा माणूस नावापुरताच ठाऊक आहे. लॉस एंजेलिसच्या परिसरात राहणाऱ्या मराठी वाचकांना मात्र त्यांच्या आयुष्याचे एक ठिकाण पाहता येईल. कॅलाबॅससजवळ, सांता मोनिका डोंगररांगांत, त्यांनी १९२८ च्या सुमारास वॉलेस नेफ या वास्तुविशारदाकडून मोठे निवासस्थान बांधून घेतले होते. तो सारा परिसर आज सार्वजनिक उद्यान आहे. सर्व मालमत्ता सर्वांची व्हावी, हे जिलेट यांचे स्वप्न कुठेच उतरले नाही. त्यांच्या स्वतःच्या कुरणावर मात्र आता कोणीही जाऊन ओकच्या सावलीत बसू शकतो.